संत्रा बर्फीपासून पोर्टफोलिओपर्यंत: नागपुरातून जाहिरात आणि ब्रँडिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी

जाहिरात आणि ब्रँडिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर दोन गोष्टी लागतात: प्रवेश परीक्षेचे गुण आणि स्वतःच्या डोक्याने केलेलं काम, म्हणजेच त्या कामाचे नमुने एकत्र मांडलेला पोर्टफोलिओ. पहिल्या गोष्टीसाठी नागपुरात क्लासेसची कमी नाही. दुसरीची तयारी बरेच जण मुलाखतीचं पत्र हातात पडल्यावर सुरू करतात आणि तिथेच गाडी अडते. पंधरा दिवसांत दहा चकचकीत लोगो तयार होतात, पण एखादी वस्तू लोक का घेतात आणि का घेत नाहीत, हे तेवढ्या वेळात कळत नाही. म्हणून परीक्षांबद्दल इथे गरजेपुरतंच लिहिलं आहे आणि कामाबद्दल सविस्तर.

आधी खुर्ची, मग कॉलेज

जाहिरात संस्थेत, म्हणजे एजन्सीत, एका छताखाली वेगवेगळी कामं चालतात. क्लायंट सर्व्हिसिंगवाले कंपनीकडून ब्रीफ, म्हणजे जाहिरातीने कोणाला काय सांगायचं याचा थोडक्यात लिहिलेला कागद, आणतात आणि कामाचं वेळापत्रक सांभाळतात. प्लॅनर लोकांच्या वागण्यातून जाहिरातीचा मुद्दा शोधतो. कॉपीरायटर शब्द लिहितो, आर्ट डायरेक्टर दृश्य बांधतो. पैसे कुठे, कधी, किती लावायचे ते मीडिया प्लॅनर ठरवतो. ब्रँड मॅनेजर एजन्सीत नसतो, तो कंपनीत बसतो. या सगळ्यांना लागणारं शिक्षण एकच नाही, म्हणून आधी खुर्ची निवडा.

क्लायंट सर्व्हिसिंग, प्लॅनिंग, मीडिया किंवा ब्रँड मॅनेजमेंट हवं असेल तर मॅनेजमेंटचा रस्ता धरा. अहमदाबादची मायका ही संस्था १९९१ साली याच कामासाठी सुरू झाली. पुण्यात सिम्बायोसिसच्या एसआयएमसीमध्ये कम्युनिकेशन मॅनेजमेंटचं एमबीए आहे. शब्दांकडे ओढा असेल तर मुंबईच्या झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्समधला किंवा दिल्लीच्या आयआयएमसीमधला (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) जाहिरात विषयाचा पदविका अभ्यासक्रम बघा. आर्ट डायरेक्शनसाठी आयआयटी मुंबईची डिझाइन शाखा आयडीसी, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था एनआयडी आणि मुंबईचं जे. जे. ही नावं आहेत. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून उपयोजित कला शिकलेल्यांना हा शेवटचा रस्ता सगळ्यात जवळचा.

नागपूर सोडायचं नसेल तर विद्यापीठाच्या जनसंवाद विभागातलं पदव्युत्तर शिक्षण आहे, पण त्याचा गाभा पत्रकारिता आणि माध्यमं हा आहे. दुसरा पर्याय मार्केटिंग घेऊन एमबीए. दोन्हीकडे ब्रँडिंगची घडण तुम्हाला स्वतःच्या हाताने, कॉलेजबाहेर काम करून पूर्ण करावी लागेल. ती होते, मेहनत जास्त पडते इतकंच.

एक फरक आधीच समजून घ्या. एमबीए ही विद्यापीठाची पदवी आहे, पीजीडीएम ही पदविका. खासगी नोकरीत दोन्ही चालतात. पण पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरी डोक्यात असेल, तर त्या पीजीडीएमला असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजची समकक्षता आहे का, हे अर्ज भरण्यापूर्वी तपासा.

अमेरिकेचा विचार असेल तर व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचं ब्रँडसेंटर आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचा जाहिरात विभाग ही ठिकाणं बघण्यासारखी आहेत. तिथे शिक्षणानंतर ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीखाली, १२ महिने काम करता येतं. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) म्हणून नोंदलेला असेल तरच आणखी २४ महिने मिळू शकतात. जाहिरातीचे सगळे अभ्यासक्रम तसे नोंदलेले नसतात. कर्ज काढण्याआधी विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे तो कोणत्या विषयात नोंदला आहे ते सांगणारा क्रमांक, लेखी विचारा.

परीक्षांचं वेळापत्रक

मॅनेजमेंट प्रवेशाची कॅट साधारण नोव्हेंबरअखेर होते: तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. मायकाला कॅटसारख्या परीक्षेचे गुण लागतात आणि शिवाय त्यांची स्वतःची मायकॅट द्यावी लागते. मायकॅटमध्ये सायकोमेट्रिक, म्हणजे स्वभाव आणि कल जोखणारी, चाचणी असते आणि ती पार झाली नाही तर बाकीच्या उत्तरांना अर्थ उरत नाही. एकच गोष्ट शब्द बदलून तिथे पुन्हा पुन्हा विचारतात. ‘त्यांना काय आवडेल’ हे ताडून उत्तरं दिली की विसंगती उघडी पडते, तेव्हा खरंच लिहा. वर्णनात्मक भागात काही चित्रं जोडून गोष्ट लिहायची असते. तिचा सराव रोज २० मिनिटं करा: वर्तमानपत्रातले कुठलेही चार फोटो घ्या आणि घड्याळ लावून लिहा.

सिम्बायोसिसची स्नॅप ६० प्रश्नांची आणि ६० मिनिटांची. ती तीनदा देता येते आणि सगळ्यात चांगले गुण धरले जातात. आयआयएमसीसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा, आयडीसीसाठी जानेवारीतली सीड ही डिझाइनची परीक्षा. राज्यातल्या एमबीए कॉलेजांसाठी सीईटी: २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. नेमक्या तारखा दरवर्षी हलतात, त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा.

पोर्टफोलिओत किती आणि काय

पुरेसं काम म्हणजे तीन मोहिमा आणि एक ब्रँड ओळख (एखाद्या दुकानाचं नाव, लोगो आणि एकूण रूप). प्रत्येक मोहिमेत एकाच विचाराच्या तीन जाहिराती. एकच जाहिरात चांगली निघाली तर तो योगायोग असू शकतो. त्याच विचारातून तीन निघाल्या तर विचार भक्कम आहे, हे परीक्षकाला लगेच कळतं. सगळं मिळून १२ ते १५ पानं, आडवी, १६:९ मापात, १० एमबीच्या आतली पीडीएफ. प्लॅनिंगसाठी अर्ज करणाऱ्यांनी चित्रांवर वेळ घालवू नये. त्यांनी ब्रीफ, निरीक्षणं आणि तर्क दाखवावा.

वस्तू निवडताना मोठे ब्रँड टाळा. बूट, कोला आणि मोबाइलच्या काल्पनिक जाहिराती परीक्षकांनी शेकड्याने बघितल्या आहेत. शिवाय तिथे तुम्हाला खरी माहिती मिळतही नाही. त्यापेक्षा इतवारीतलं मसाल्याचं दुकान, धरमपेठेतला दातांचा दवाखाना, बर्डीवरचा चष्मेवाला निवडा. तिथे मालकाशी बोलता येतं, गिऱ्हाईक बघता येतं. तीनपैकी एक खाण्याची वस्तू, एक सेवा आणि एक सार्वजनिक विषय असू द्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास जाणाऱ्या शहरात उष्माघात हा सार्वजनिक विषय आयता समोर आहे, आणि त्यावर ‘पाणी प्या’पलीकडे जाणारं काम क्वचितच दिसतं.

एक मोहीम, सुरुवातीपासून

उदाहरणासाठी संत्रा बर्फी घेऊ. समजा, एका लहान दुकानदाराला बाहेरगावी जाणाऱ्यांमध्ये खप वाढवायचा आहे.

पहिलं काम दुकानापाशी उभं राहण्याचं. दुकानदाराची परवानगी घ्या आणि दोन वेगवेगळ्या दिवशी, त्यातला एक शनिवार किंवा रविवार, संध्याकाळी सहा ते आठ उभे राहा. किमान १२ ते १५ गिऱ्हाइकांशी बोला. ‘तुम्हाला ही बर्फी आवडते का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. ‘कोणासाठी घेताय?’, ‘कधी निघणार?’, ‘अर्धा किलोच का?’ असं विचारा. उत्तर जसंच्या तसं, त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. ‘ग्राहकांना ताजेपणा महत्त्वाचा वाटतो’ अशी नोंद निरुपयोगी आहे. ‘पुण्याला पोचेपर्यंत वास तर नाही ना येणार?’ ही नोंद सोन्यासारखी, कारण हे वाक्य उद्या जाहिरातीत बसू शकतं.

अशा नोंदींतून बहुधा दोन गोष्टी वर येतात. पहिली, ही बर्फी स्वतःसाठी कमी आणि नेण्यासाठी जास्त घेतली जाते. दुसऱ्या गावातल्या माणसाने ‘नागपूरहून काय आणलं?’ विचारलं की हात रिकामा नको, हे त्यामागचं कारण. दुसरी गोष्ट टिकण्याबद्दलची शंका. म्हणजे चव हा मुद्दाच नाही, चव सगळ्यांनी धरूनच ठेवली आहे. इथे बरेच विद्यार्थी चुकतात: शंका ऐकतात टिकण्याची आणि जाहिरात करतात चवीची.

आता ब्रीफ लिहा. एकच पान, सहा ओळी:

कोणाशी बोलतो आहोत: रात्रीच्या गाडीने किंवा बसने पुण्या-मुंबईला निघालेली नागपूरची मुलं-मुली.
आज ते काय करतात: घाईत स्टेशनजवळ जे मिळेल ते घेतात, किंवा काहीच नेत नाहीत.
काय आडवं येतं: वाटेत खराब होईल ही भीती.
एकच सांगायची गोष्ट: ‘नागपूरहून काय आणलं?’ या प्रश्नाचं उत्तर.
पुरावा: डब्यावर समोरच, मोठ्या आकड्यांत, बनवल्याची आणि कधीपर्यंत खावी त्याची तारीख.
काय म्हणायचं नाही: परंपरा, शुद्धता, अस्सल चव.

‘एकच सांगायची गोष्ट’ या ओळीत ‘आणि’ हा शब्द आला तर ब्रीफ पुन्हा लिहा. ‘आणि’ आला याचा अर्थ निर्णय झालेला नाही.

यानंतर ओळी लिहायला बसा. एका बैठकीत ५० लिहा, चांगल्या-वाईटाचा विचार न करता. पहिल्या वीस सगळ्यांना सुचतात त्याच असतात, ‘चवीचा नवा अनुभव’ किंवा ‘गोडवा नात्यांचा’ अशा. त्या बाहेर पडल्याशिवाय पुढच्या येत नाहीत. मग चाळणी लावा: ओळीखाली दुसऱ्या दुकानाचं, हवं तर साडीच्या दुकानाचं नाव लिहून बघा. जाहिरात तरीही चालत असेल तर ती ओळ फेका. ‘गोडवा नात्यांचा’ पेढ्यालाही चालतो, अंगठीलाही आणि विम्यालाही. चाळणीतून उरतात त्या साधारण अशा:

मावशी आधी तुमच्याकडे नाही, पिशवीकडे बघते.
होस्टेलवर तुमच्याआधी तुमची बॅग उघडते.
सुट्टीवरून आलात? ऑफिसात हिशोब द्यावा लागेल.

तिन्ही ओळी त्याच एका प्रश्नातून निघाल्या आहेत, पण माणसं वेगळी, जागा वेगळी. मोहीम म्हणजे हेच. एकाच ओळीखाली तीन निराळे फोटो लावले तर ती मोहीम होत नाही.

वऱ्हाडी किंवा नागपुरी बोली वापरायचा मोह इथे होतो. वापरा, पण गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेलं वाक्य असेल तरच. ‘बाप्पा’ आणि ‘कायले’ पेरून प्रमाण भाषेतलं वाक्य वऱ्हाडी होत नाही, आणि ते इथल्या माणसाला लगेच खटकतं. अहमदाबाद किंवा दिल्लीच्या परीक्षकाला मराठी येईलच असं नाही, म्हणून प्रत्येक मराठी ओळीखाली लहान अक्षरात इंग्रजी अर्थ द्या. तो शब्दाला शब्द लावून केला तर ओळ मरते. तिथे मावशीची नजर पिशवीवर आहे, एवढं पोचलं की झालं.

माध्यम आणि पैसा

जाहिरात कुठे लागणार, हे ठरल्याशिवाय मांडणी सुरू करू नका. वर्धा रोडवरच्या होर्डिंगला धावत्या गाडीतून पाच-सहा सेकंद मिळतात, म्हणून सात शब्दांच्या वर जाऊ नका. इंग्रजी अक्षरांसाठी दर १० फूट अंतराला १ इंच उंची हा ढोबळ हिशोब धरतात. देवनागरीत वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरं यांना वर-खाली जागा लागते, तेव्हा त्याहून मोठं अक्षर घ्या. २० × १० फुटांचं होर्डिंग १:१० प्रमाणात छापून भिंतीला लावा, लांब उभं राहून वाचून बघा.

मुलाखतीत ‘दोन लाख रुपये आहेत, काय कराल?’ हा प्रश्न हमखास येतो. वर्तमानपत्राचा हिशोब तोंडपाठ हवा: रुंदी × उंची × दर. समजा दर चौरस सेंटिमीटरला ३०० रुपये, तर १६ × २० सेंटिमीटरची जाहिरात ९६,००० रुपयांची, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून १,००,८००. म्हणजे एका दिवसात निम्मा पैसा गेला. हे मांडता आलं की पुढचा तर्क आपोआप सुचतो. आपलं गिऱ्हाईक रात्रीच्या गाडीचं आहे, तर पैसा बसथांबे, स्टेशनकडे जाणारे रस्ते आणि प्रवासाच्या आधीच्या दोन दिवसांत मोबाइलवर लावावा. हंगामही बघा: आंबिया बहराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहराची फेब्रुवारीनंतर बाजारात येतात. दिवाळीची गर्दी आंबियाशी जुळते. जीआरपी, म्हणजे जाहिरात एकूण किती बघितली गेली याचं माप, विचारलं तर पोच गुणिले वारंवारता: ६० टक्के लोकांपर्यंत सरासरी ४ वेळा, म्हणजे २४०.

ब्रँड ओळख करताना

नाव सुचवण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात ते आहे का ते बघा. मिठाई वर्ग ३० मध्ये येते. ‘संत्रा बर्फी’ हे वस्तूचंच वर्णन असल्यामुळे ट्रेडमार्क म्हणून मिळत नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा दुसरीकडचा गर वापरणाऱ्या दुकानासाठी ते नाव लिहू नका. लहान उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये, आणि नोंदणी १० वर्षं टिकते. एवढी माहिती पोर्टफोलिओच्या एका ओळीत असली तरी बाकीच्या अर्जदारांपेक्षा तुम्ही वेगळे दिसता.

‘नागपुरात क्रमांक १’ हे तर कधीच लिहू नका. जाहिरात मानक परिषद, म्हणजे १९८५ साली स्थापन झालेली एएससीआय, अशा दाव्याला पुरावा मागते. ‘मधुमेह बरा करणारा मसाला’ यासारखी ओळ तर १९५४ च्या औषध आणि जादुई उपाय कायद्यातच अडकेल.

देवनागरी का मोडते

पीडीएफ परीक्षकाच्या संगणकावर उघडल्यावर मराठी मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं दिसली, तर सगळी मेहनत वाया जाते. कारण बहुधा जुना, युनिकोड नसलेला फाँट. स्थानिक छापखान्यात असे फाँट अजून चालतात, पण तुम्ही युनिकोडच वापरा. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू हे फाँट मोफत मिळतात. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं सुटी पडत असतील तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर मजकुराची भाषा मराठी करा, ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात अक्षरं बदलतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट आहे का, ते डोळ्यांनी तपासा. शेवटची प्रत पाठवण्याआधी मजकुराच्या आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करा, आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, कारण आउटलाइन केल्यावर शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही. छपाईसाठी सीएमवायके रंगपद्धत, ३०० डीपीआय आणि चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा जागा. पडद्यासाठी आरजीबी रंगपद्धत.

उद्देशपत्र आणि मुलाखत

‘लहानपणापासून मला जाहिराती बघायला आवडतात’ या वाक्याने सुरू होणारी उद्देशपत्रं (स्टेटमेंट ऑफ पर्पज) ढिगाने येतात. त्याऐवजी दुकानापाशी टिपलेल्या एखाद्या वाक्याने सुरुवात करा आणि त्यातून तुम्ही काय निष्कर्ष काढला, कुठे अडलात, त्या अभ्यासक्रमातला कोणता विषय ती अडचण सोडवेल, ते लिहा.

‘आवडती जाहिरात कोणती?’ या प्रश्नावर गोष्ट सांगत बसू नका. कंपनीपुढे अडचण काय होती, जाहिरातीने कोणाला काय सांगितलं, आणि तुमच्या मते कुठे कमी पडली, हे ९० सेकंदांत सांगा. विदर्भातल्या अनेक हुशार मुलांना इंग्रजीतल्या गटचर्चेची धास्ती असते. त्यावर एक साधा उपाय आहे: विषयाचे तीन मुद्दे आधी मराठीत लिहा, मग छोट्या इंग्रजी वाक्यांत दोन मिनिटं बोलून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि ऐका. महिनाभर रोज. मुद्दा स्वच्छ असेल तर साधं इंग्रजी पुरतं, आणि मुद्दा नसेल तर सफाईदार इंग्रजीही वाचवत नाही.

कागद आणि फी

सीईटीमार्फत प्रवेश घेणाऱ्या राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी जात वैधतेचा अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षातच करून टाकावा. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते का, ते बघा. आयआयएमसीसारख्या केंद्रीय संस्थेत ओबीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, राज्याचं चालत नाही. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला सहसा मिळत नाही, हे पैसे भरण्याआधी लक्षात घ्या.

फी बघताना दोन वर्षांची फी, वसतिगृह, मेस आणि लॅपटॉप एकत्र जोडा. प्लेसमेंटच्या पत्रकात सर्वोच्च पगार सोडून मधला पगार बघा, आणि किती जण जाहिरात-ब्रँडिंगच्या कामावर लागले व किती विक्रीच्या, ते विचारा. मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी बोला. खऱ्या कंपन्यांचे ब्रीफ वर्षात किती मिळाले, हा एकच प्रश्न विचारला तरी बरंच कळेल.

फाइल पाठवण्याआधी छापील प्रत घेऊन त्याच बर्फीवाल्याकडे जा. त्याला समजावून सांगू नका, पानं हातात द्या आणि गप्प राहा. तो कुठे थांबतो, कुठे भराभर उलटतो, ते लिहून ठेवा. जिथे ‘म्हणजे काय?’ विचारेल ते पान पुन्हा करा. एखादी ओळ त्याने दुकानात लावायला मागितली, तर ती छापून द्या, लावल्यावर फोटो काढा आणि तारखेसह शेवटच्या पानावर घाला.